जुनं कुलूप, नवं कुलूप

१४ मे, सोमवार. सकाळी दहा. तहसील कार्यालय, मोठी खोली.

हजर: तहसीलदार साहेब. अव्वल कारकून. तलाठी चार (पाचव्याच्या घरी लग्न). टँकरचा एक ड्रायव्हर, दारात उभा. शिपाई चाचा. मी.

गैरहजर: पाणी.

शेवटची ओळ आज लिहिली. तेव्हा माझ्या वहीत विनोदाला रकाना नव्हता.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता आणि दुष्काळ नेहमीचाच. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती, म्हणून आम्हा काही जणांना नांदेडहून पाठवलं होतं. मी अडतीस वर्षांची होते. मालक भोकरला शाळेत शिकवत होते, मुलं नांदेडला सासूबाईंजवळ. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने मी घरी जायची, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत यायची. तालुक्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. ज्यांना कळणार नाही त्यांनी आपला तालुका समजावा, फारसा फरक पडणार नाही.

कार्यालयातल्या फॉर्मांवर अजून जुन्या जिल्ह्याचंच नाव छापलेलं होतं. ते खोडून खाली लातूरचा शिक्का मारायचा, हे माझं पहिल्या वर्षाचं मुख्य काम. बाकीचे हाताने रेघ मारत. मी फूटपट्टीने मारायची. अव्वल कारकून म्हणायचे, "बाई, जिल्हा खोडायचाय, नकाशा काढायचा नाही."

त्या सोमवारी साहेबांनी काम नेमून दिलं, तालुक्यातल्या विहिरींची यादी. टंचाईत ज्या खासगी विहिरीला पाणी असेल ती सरकार पिण्याच्या पाण्यासाठी ताब्यात घेऊ शकतं. टँकर तिथे भरायचा आणि कोरड्या गावांना वाटायचा. मालकाला घरापुरतं आणि जनावरांपुरतं पाणी घेता येतं, पिकाला एक थेंब देता येत नाही. हा नियम मला फार आवडला होता. त्यात कुठेही मालक कोण, किती एकरांचा, कोणाचा पाहुणा, असं काही विचारलेलं नव्हतं. विचारलेलं एवढंच, की पाणी किती हात.

आवडण्याला कारण होतं. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या वर्षापासून ते आम्हा भावंडांकडून राज्यघटनेतली कलमं पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचे. चौदावं कलम माझ्या वाट्याला. कायद्यापुढे सगळे समान आणि कायद्याचं संरक्षण सगळ्यांना समान. पाहुणे आले की मला उभं करून म्हणायला लावायचे, इतर घरांत मुलींना गाणं म्हणायला लावतात तसं. त्यामुळे ती यादी करायला बसले तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच कलम. आता ते आपण आखीव रकान्यांत लिहायचं.

तलाठ्यांची मोजायची पद्धत साधी होती. दोरीला नारळाएवढा दगड बांधायचा, हातहातभरावर गाठी मारायच्या, दोरी विहिरीत सोडायची आणि दगड तळाला टेकला की भिजलेल्या गाठी मोजायच्या. आठ दिवसांत तीन तलाठ्यांची मापं आली. चौथ्याने एका विहिरीसमोर काहीच लिहिलं नव्हतं.

ती विहीर शेठची. शेठची उदगीरला डाळमिल होती आणि इकडे रस्त्याला लागून मोठी बागायत. त्या उन्हाळ्यात सगळा तालुका भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा झाला होता. त्यात शेठचा ऊस एसटीतूनसुद्धा हिरवा दिसायचा.

मी तलाठ्याला विचारलं, "इथे किती हात लिहू?"

"काहीच लिहू नका बाई. विहिरीवर लोखंडी जाळी हाय, जाळीला कुलूप हाय. दगड काय खिशातून सोडू?"

"रकाना मोकळा कसा ठेवायचा?"

"ठेवा की. त्यात काय लेकरू पडतंय व्हय?"

मोकळा रकाना मला सहन होत नाही. घरी वाण्याच्या यादीतसुद्धा आणायचं नसेल तर मी 'निरंक' लिहिते. रात्रभर, म्हणजे खरं तर जेवण होईपर्यंत, मी विचार केला आणि सकाळी तोडगा काढला. मोजलेल्या विहिरी त्या यादी अ. कुलूपबंद असल्यामुळे मोजता न आलेल्या त्या यादी ब. शीर्षक: 'मोजमाप प्रलंबित'. यादी अ मध्ये एकेचाळीस विहिरी आल्या. यादी ब मध्ये एक. पण काय सुरेख दिसत होती ती! कुठेही मोकळी जागा नाही.

साहेबांनी ती दोन मिनिटं पाहिली आणि त्यांचा चेहरा सैलावला. तेव्हा मला वाटलं, आखणी आवडली. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही नांदेडहून आलात ते फार बरं झालं." यादी ब चा नमुना सायक्लोस्टाइल करून बाकीच्या तालुक्यांनाही गेला. त्या शनिवारी घरी मी हे दोनदा सांगितलं. मालक म्हणाले, "एकाच विहिरीसाठी वेगळी यादी?" मी म्हटलं, "तुम्हाला कार्यालयीन कामातलं कळत नाही."

यादी अ मधल्या विहिरींना आदेश गेले. चौथ्या दिवशी एक बाई आदेशाचा कागद पदरात गुंडाळून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. माझ्याच वयाची. नवरा वारलेला, चार एकर जमीन ती आणि तिची जाऊ मिळून करायच्या. मी तिला आक्का म्हटलं, पुढेही तेच म्हणत राहिले.

"बाई, ह्यो कागद वाचा जरा. माझी विहीर सरकारनं घेतली म्हणं."

"घेतली नाही आक्का. अधिग्रहित केली."

"म्हंजी?"

"म्हणजे तात्पुरती घेतली."

"म्हंजी घेतलीच की."

तिची अडचण लिंबांची होती. दोन वर्षांपूर्वी तिने साठ लिंबं लावली होती. हा तिसरा उन्हाळा. एवढा निघाला तर पुढच्या वर्षी पहिली फळं. विहिरीला सहा हात पाणी होतं आणि तेवढं झाडांना पुरेल असा तिचा हिशेब होता. आदेशाप्रमाणे आता झाडांना पाणी घालता येणार नव्हतं.

मी तिला नियम समजावून सांगितला. चांगला सांगितला, आधी पार्श्वभूमी, मग तरतूद, मग अपवाद. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गावाला प्यायला पाणी पायजे, त्याला मी न्हाई म्हणत न्हाई," ती म्हणाली. "टँकर भरा. पर शेठची विहीर माझ्या बांधापासून दोन शेतं हाय. तिथं न्हाई भरायचा?"

"ती मोजलेली नाही. तिला कुलूप आहे."

"आन् म्या कुलूप लावलं असतं तर?"

आता इथे शहाण्या कारकुनाने गप्प बसायचं असतं. पण मला माझ्या पद्धतीचा अभिमान होता. मी यादी काढून तिच्यासमोर धरली, रकाना बोटाने दाखवला आणि म्हटलं, "तर तुमचं नाव इथे आलं असतं. यादी ब मध्ये."

तिने यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बरं झालं सांगितलं." आणि गेली.

पुढच्या आठवड्यात तालुक्यातल्या अकरा विहिरींना कुलपं लागली. कोणी बाभळीच्या फांद्या रचून त्यांना साखळी घातली, कोणी घराचं दारच काढून विहिरीवर टाकलं. आक्काने पत्रा आडवा टाकून त्याला कुलूप लावलं होतं. तलाठी येऊन ओरडले, "बाई, हे काय करून ठेवलं तुम्ही? समद्या तालुक्यात बातमी झाली, नांदेडच्या बाईनं कायदा सांगितला म्हणून!"

साहेबांनी मला आत बोलावलं. रागावले नाहीत, ते कधीच रागवायचे नाहीत. "बाई, यादी ब वाढता कामा नये."

"पण साहेब, कुलूप आहे म्हटल्यावर..."

"कुलपाकुलपांत फरक असतो. शेठचं कुलूप आदेशाच्या आधीचं आहे. म्हणजे ती त्यांची कायमची व्यवस्था. ही कुलपं आदेशानंतरची. म्हणजे सरकारी कामात अडथळा. जुनं असेल ते प्रलंबित ठेवा. नवं असेल ते फोडा."

मी काय करायला हवं होतं हे मला आता नीट माहीत आहे. तेव्हा मी काय केलं ते सांगते. मी जागेवर आले, फूटपट्टी घेतली आणि यादीत एक रकाना वाढवला. 'कुलूप: जुने / नवे.' अकरा वेळा 'नवे' लिहिलं, एकदा 'जुने'. वडील वारून तेव्हा तीन वर्षं झाली होती. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

कुलपं फोडायला चाचा आणि तलाठी गेले. चाचा आमचा शिपाई, निवृत्तीला आलेला, निजामाच्या काळातल्या तहसिलीत पाणी भरण्यापासून सुरुवात केलेला. संध्याकाळी परत आला तो माझ्या टेबलाशी थांबला.

"त्या लिंबवाल्या बाईचं बी फोडलं?" मी विचारलं.

"हाव. काई बोलली न्हाई. माझा हातोडा लागंना नीट, तर घरातून आपला आणून दिला. म्हनली, चाचा, तुमच्या सरकारचा बोथट हाय."

तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही.

त्या रात्री मी वहीत दोन कामं लिहिली. एक: शेठच्या विहिरीचं मोजमाप करून घेणे. दोन: आजच्या आज नाही तरी या आठवड्यात. दुसरं काम हे काम नव्हतं, पण एकच काम असलेली यादी मला यादी वाटत नाही.

मापाचं काम झालं की विहीर यादी अ मध्ये येणार, टँकर तिकडे भरणार, आक्काच्या विहिरीवरचा भार कमी होणार आणि पाळीने का होईना झाडांना पाणी मिळणार. हे सगळं मी पाच मुद्द्यांत लिहून साहेबांना दिलं. ते म्हणाले, "बघा जमलं तर," आणि कार्यालयाची जीप त्या दिवशी दुसरीकडे गेली. मी, चाचा आणि तो चौथा तलाठी एसटीने फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो.

विहिरीवर राखणदार होता. वडाखाली खाटेवर बसलेला. आम्हाला बघून उठला, माठातलं पाणी दिलं. शेजारच्या दांडातून उसाला पाणी चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. मी विहिरी मोजायचा आदेश वाचून दाखवला.

"किल्ली न्हाई बाई. किल्ली उदगीरला, मालकाकडं."

"मालक उदगीरला आहेत?"

"न्हाई, लातूरला गेलेत. नव्या कलेक्टर हापिसात."

कुलूप खरंच जुनं होतं, गंजलेलं. साहेब त्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. मी जाळीतून वाकून पाहिलं. खाली पाणी चमकत होतं, इतकं जवळ की माझा चष्मा मला दिसला. तलाठ्याने आपली दोरी काढली, दगड जाळीवर ठेवून दाखवला. "बघा. जात न्हाई. मी काय खोटं लिहितो?"

चाचाने तो दगड उचलून हातात तोलला. मग म्हणाला, "तलाठी सायब, दगड बारीक बांधा की."

जाळीच्या भोकातून माझी अख्खी मूठ गेली असती. तीन आठवडे एक सरकारी विहीरमोजणी, एक स्वतंत्र यादी, तिचा सायक्लोस्टाइल नमुना, त्यातला वाढीव रकाना आणि अकरा फोडलेली कुलपं, हे सगळं एका मोठ्या दगडावर उभं होतं. आणि तो लहान करावा असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

राखणदारानेच इंजिनाजवळ पडलेला एक जाड नट आणून दिला. "ह्यो घ्या. मला कुलूप सांभाळाया सांगितलंय, नट न्हाई."

बावीस हात पाणी निघालं. तलाठ्याने तीनदा मोजलं, कारण त्यालाच खरं वाटेना. फाट्यावर एसटीची वाट बघताना मी उन्हात उभी राहून गुडघ्यावर वही ठेवली आणि शेठची विहीर यादी अ मध्ये बेचाळिसावी लिहिली. मला आठवतं, मी त्या दिवशी इतकी खूश होते की चाचा आणि तलाठ्याला फाट्यावरची भजी खाऊ घातली आणि त्यांना चौदावं कलम म्हणून दाखवलं. तलाठी म्हणाला, "लई चांगलं हाय. कुठं लागू हाय हे?"

साहेबांनी माप पाहिलं. "छान. पण आता याची गरज नाही बाई." त्यांच्या टेबलावर लातूरहून आलेलं पत्र होतं. शेठने बसस्थानकावर लोकांसाठी पाणपोई उघडायची ठरवली होती. तिचं पाणी त्यांच्या विहिरीतून येणार, म्हणून ती विहीर लोकसेवेसाठी राखीव समजावी आणि अधिग्रहणातून वगळावी. पाणपोई म्हणजे चार रांजण, वर कापडी छत. दिवसाला बैलगाडीभर पाणी. बाकीचं उसाला.

मी म्हटलं, "साहेब, आक्काच्या विहिरीतून रोज सहा टँकर भरतात. तीही लोकसेवाच आहे."

"तिची आपण घेतली. यांनी स्वतःहून दिली. फरक आहे ना?"

उद्घाटनाला पाहुण्यांची यादी कोणी करायची हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केली. मानाप्रमाणे लावली. दोन प्रती.

जूनच्या अखेरीस टँकर बंद झाले आणि विहिरी परत दिल्याची पत्रं गेली. आक्काचं पत्र मी स्वतः घेऊन गेले. टपालाने गेलं असतं, पण मला झाडं बघायची होती. आक्का आणि तिची जाऊ उन्हाळाभर एकेका झाडाच्या आळ्यात पाट ठेवून आंघोळ करायच्या, तिथेच भांडी घासायच्या, तिथेच धुणं धुवायच्या. घरापुरतं पाणी वापरायला परवानगी होती ना. तेवढ्यावर एकोणीस झाडं जगली होती. एकेचाळीस वाळली होती. वाळलेली तिने अजून उपटली नव्हती.

"चहा घ्या," ती म्हणाली. मी घेतला. माझ्याशी ती वाईट बोलेल याची मी तयारी करून गेले होते, उत्तरंही काढून ठेवली होती. त्यांतलं एकही लागलं नाही.

तिला एक कागद हवा होता. दुष्काळात ज्यांच्या बागा गेल्या त्यांना शेतीखातं नवी रोपं देत होतं. तिचा अर्ज परत आला होता. तिथल्या साहेबाने विचारलं होतं, तुमच्या विहिरीला पाणी असल्याची तहसीलची नोंद आहे, मग झाडं वाळली कशी? पाणी असताना झाडं वाळली तर तो दुष्काळ नव्हे, हलगर्जी. तहसीलचं पत्र आणा.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "उद्या देते."

आणि दिलंसुद्धा. कार्यालयात त्याचा छापील नमुना होताच, साहेबांनी लगेच सही केली. तिसऱ्या दिवशी आक्का तो घेऊन परत आली. तिच्या भाच्याने तिला वाचून दाखवला होता. नमुन्यात लिहिलेलं होतं की, विहीरमालकाने टंचाईकाळात आपली विहीर स्वखुशीने शासनास उपलब्ध करून दिली.

"म्या खुशीनं दिली न्हाई," ती म्हणाली.

"आक्का, ती फक्त भाषा असते. सगळ्यांना तेच देतात. रोपं मिळतील की."

"रोपं मिळतील. पर माझ्या नावावर खोटं लिहिलेलं ऱ्हाईल. जसं झालं तसं लिहा. माझी विहीर उघडी व्हती म्हणून घेतली. कुलूप लावलं तर फोडलं. शेठचं फोडलं न्हाई. तुमाला समदं ठाव हाय, तुमीच लिव्हलंय."

"साहेब अशावर सही करणार नाहीत."

"सायबाची कोण मागतंय? तुमी करा की सही. तुमची यादी."

तिने छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला, पाण्याचा ग्लास त्याच्यावर ठेवला, उडू नये म्हणून, आणि गेली. मी तिला सोमवारी या म्हटलं होतं. सोमवारी ती आली. मी पुढचा सोमवार सांगितला. त्या वर्षी रोपं वाटून संपली. ती त्यानंतरही दोनदा आली. मग मी सांगितलं, तुम्ही येऊ नका, मीच घेऊन येईन. पुढच्या उन्हाळ्याच्या आत माझी नांदेडला बदली झाली.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. कार्यालयात माझ्या हाताखाली सहा जण आहेत आणि त्यांना मी मोकळा रकाना चालवून घेत नाही. आक्का आहे, गेल्या वर्षी लातूरला एका लग्नात तिच्या गावचे लोक भेटले तेव्हा विचारलं. त्या एकोणीस झाडांची लिंबं ती बाजारात आणते. मोकळी झालेली जागा तिने तशीच ठेवली आहे.

कागदाचा मसुदा मी बऱ्याच वेळा केला. तारीख घातली, विषय घातला, पहिल्या परिच्छेदात विहिरीचं वर्णन, दुसऱ्यात अधिग्रहणाची हकीकत. दोन्ही स्वच्छ झाले आहेत. तिसरा परिच्छेद 'कुलूपबंद विहिरींची स्वतंत्र यादी' या शब्दांनी सुरू होतो आणि त्यापुढे ती कोणी केली ते लिहायचं आहे. कर्मणी प्रयोगात लिहून पाहिलं, 'करण्यात आली'. ते आक्काला चालणार नाही. या कागदाला साहेबांची सही लागत नाही, जावक क्रमांक लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. एक वाक्य, खाली माझी सही, आणि उदगीरकडची एसटी. कागद टेबलाच्या उजव्या खणात आहे. तिसरा परिच्छेद व्हायचा आहे.